वाढ रुळांच्या कडेने होऊ द्या, शिवारातून नको

प्रति,
बेळगाव शहर आणि भोवतालच्या गावांचा पुढचा विकास आराखडा ठरवणारे सर्व अधिकारी, नगरसेवक, आमदार आणि खासदार यांस,

सविनय नमस्कार.

३१ मार्च २०२५ ला केंद्राची स्मार्ट सिटी योजना संपली. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत बेळगावचे नाव आले होते. केंद्राचे पाचशे कोटी आणि राज्याचे तितकेच, असा तो हिशेब होता. त्यातून शहराच्या मध्यभागी काही रस्ते, पदपथ, दिवे, बसथांबे झाले. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण बेळगाव आज जिथे खरोखर वाढते आहे, त्या पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी, मुतगा, सांबरा, धामणे, येळ्ळूर या गावांकडे त्या नऊ वर्षांत नियोजन फिरकले नाही. तिथे फिरकले ते प्लॉटचे दलाल. आता हद्दवाढ, नवा आराखडा, रिंगरोड, उड्डाणपूल यांची भाषा सुरू आहे. जे चुकले तेच आणखी मोठ्या आकारात करायची तयारी दिसते. म्हणून हे पत्र, आणि ते उघड, कारण बंद पाकिटातल्या निवेदनांचे काय होते ते आपण सगळेच जाणतो.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधी सांगते. माझे माहेर वडगावचे, सासर देसूरचे. वडगावच्या शिवारात वडिलांची भातजमीन आहे, ती भाऊ कसतो. हलगा-मच्छे बायपासची रेघ त्याच शिवारातून गेली आहे. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेबाचे काम करते. मुलगी शहरात कॉलेजला जाते. म्हणजे आमच्यापैकी एकाला शेत वाचायला हवे आहे आणि आम्हा दोघींना वेळेवर गाडी मिळायला हवी आहे. सरकारी कपाटात या दोन वेगळ्या खात्यांच्या दोन फायली असतील. माझ्या दृष्टीने ही एकच फाईल आहे. शहर कुठे वाढणार आणि माणसे कामावर कशी पोचणार, हे दोन प्रश्न बेळगावात कधी एका टेबलावर घेतलेच गेले नाहीत. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, बाकीच्या तिच्याच पोटातल्या.

पहिली गोष्ट शिवाराची.

शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा, येळ्ळूर या पट्ट्यातली जमीन पाणी धरून ठेवणारी आहे. पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, ज्वारी. इथल्या बासमतीचे नाव बेळगावकर परगावच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगतात आणि निरोप देताना एखादी पिशवी हातात ठेवतात. एकदा भराव टाकून ही जमीन दाबली की ती पुन्हा भातजमीन होत नाही. माळावर घर बांधता येते, भात माळावर येत नाही, एवढी साधी बाब आराखड्याच्या नकाशावर रंग भरताना कोणाच्या लक्षात येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

बायपासचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढले. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात शिवारात यंत्रे उतरली. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला बोलायचे आहे ते बायपासनंतर काय होते त्याबद्दल. रस्ता स्वतः जितकी जमीन खातो, त्याच्या कितीतरी पट जमीन त्याच्या दोन्ही अंगांना खाल्ली जाते. रस्त्याची नुसती बातमी आली तरी बांधावर पांढऱ्या गाड्या उभ्या राहू लागतात. २०२० मध्ये राज्याच्या भू-सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे काढून टाकली गेली, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. एकराच्या भावाने घ्यायची, बिगरशेती करून किंवा न करताच गुंठ्याच्या भावाने विकायची, हा धंदा त्यानंतर जोरात आला.

या शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. शहराचे पावसाचे पाणी तोच वाहून नेतो, आणि सांडपाणीही. ऑगस्ट २०१९ मध्ये नाल्याचे पाणी शिवारभर पसरले होते. रोपे कुजली, कडेच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या वर्षी पाऊस अफाट होता हे मान्य. पण पसरायला जागा मिळाली नाही की पाणी घरात येते. शेत पाणी घेते, जिरवते, दोन-चार दिवस सांभाळते. भराव घातलेला लेआउट ते शेजाऱ्याकडे ढकलतो. नाल्याकाठचा एकेक तुकडा बिगरशेती होताना त्याची किंमत शहापूर-वडगावच्या गल्ल्यांनी मोजायची असते, आणि परवानगी देताना त्या गल्ल्यांना कोणी विचारत नाही.

ज्यांनी ते प्लॉट घेतले त्यांच्यावर माझा राग नाही. फौंड्रीत माझ्याबरोबर काम करणारी किती तरी माणसे तशा वसाहतींत राहतात. शहरात घर परवडत नाही, म्हणून आयुष्याची पुंजी घालून त्यांनी दोन-तीन गुंठे घेतले. मग कळले की खाते (मालमत्तेची सरकारी नोंद) होत नाही, पाणी टँकरचे, गटार नाही, बसथांबा मैलभर लांब, आणि पावसाळ्यात दुचाकी चिखलात रुतते. नवऱ्याला एक दुचाकी, बायकोला दुसरी, मुलगा अकरावीला गेला की तिसरी. जमीन स्वस्त मिळाली असे वाटते, पण पेट्रोल आणि हप्ते धरले तर त्या घराची खरी किंमत वेगळीच निघते. शिवार गेले आणि राहायला आलेल्याचेही भले झाले नाही, मग हा विकास झाला कुणाचा?

दुसरी गोष्ट रुळांची, आणि इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते, कारण इथे करण्यासारखे अर्धे काम होऊन बसले आहे.

२७ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते बेळगावच्या नव्या रेल्वे स्थानकाचे आणि लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुपदरीकरणाचे उद्घाटन झाले. त्याच मार्गावर आज वंदे भारत धावते. म्हणजे दोन रूळ आहेत, वर वीज आहे, चकचकीत स्थानक आहे. आता हा मार्ग जातो कुठून ते बघा. खानापूरहून निघाला की देसूर, मग मच्छे-मजगावच्या अंगाने उद्यमबाग, अनगोळ, टिळकवाडीची तिन्ही गेटे, मुख्य स्थानक, आणि पलीकडे सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा. बेळगाव तालुक्यातले कामगार, विद्यार्थी, भाजीवाल्या बायका, दवाखान्याला येणारे पेशंट ज्या दिशेने रोज ये-जा करतात, जवळजवळ तीच ही रेघ. ब्रिटिशांच्या काळापासून ती तिथे आहे.

आणि तरी देसूरला दिवसातून मोजक्याच पॅसेंजर थांबतात, त्याही कामाच्या वेळेला जुळत नाहीत. उद्यमबागेच्या कडेने रोज गाड्या धडधडत जातात, पण तिथे थांबाच नाही. देसूर ते बेळगाव स्थानक हे अंतर दहाएक किलोमीटरचे. रेल्वेला पंधरा मिनिटे पुरेत. त्याऐवजी आम्ही सकाळी खानापूर रोडवर मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग असे अडकत जातो. एका बाजूला विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाची पोरे, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीची पाळी सुटलेली, मधून गोव्याच्या लॉऱ्या.

कपिलेश्वरला पूल झाला, खानापूर रोडला जुन्याच्या जागी नवा पूल झाला, तिसऱ्या गेटलाही झाला. गेटात तासन्‌तास उभे राहण्याचा त्रास गेला, चांगलेच झाले. पण विचार करा, वाहनांनी रूळ ओलांडावेत यासाठी इतके पैसे खर्च झाले. माणसांना त्या रुळांवरच्या गाडीत बसता यावे यासाठी किती झाले? आणि आता त्याच गर्दीवर उपाय म्हणून शहराच्या मध्यातून लांबलचक उड्डाणपुलाची चर्चा आहे.

यात बेळगाव-कित्तूर-धारवाड या सुमारे ७३ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो आमच्याच गावाजवळून वळणार आहे. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीच्या शेतकऱ्यांनी सुपीक जमिनीतून जाणाऱ्या आखणीला विरोध केला, पर्यायी मार्ग सुचवला. मला गाडी हवी आहे, आणि तरीही मी त्यांच्या बाजूने आहे. रेल्वे हवी म्हणून कुठूनही न्या असे म्हणणाऱ्याला बायपासच्या विरोधात बोलण्याचा अधिकार उरत नाही. मार्ग कमी कसाच्या जमिनीतून न्या, आणि स्थानके कुठे होणार हे आधी ठरवून त्यांच्या भोवतालचा आराखडा जमीन दलालांच्या हातात पडण्याआधी जाहीर करा.

बसबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला फार जागा लागत नाही. आजूबाजूच्या गावांतून येणारी बस मध्यवर्ती बसस्थानकाकडे जाते. हिंडलग्याच्या मुलीला उद्यमबागेत कामाला यायचे तर आधी शहरात जायचे, तिथून दुसरी बस धरायची. त्यात तास मोडतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे आम्हा स्त्रियांना तिकीट लागत नाही. या योजनेने किती बायका कामासाठी, शिक्षणासाठी घराबाहेर पडल्या ते मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. पण प्रवासी वाढले त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. दारात लोंबकळणाऱ्या पोरी आणि थांब्यावर न थांबता निघून जाणारी बस हे चित्र कोणाच्या मेहेरबानीने बदलायचे? न परवडणारे वडाप (खासगी जीप-टेंपो) किंवा कर्जाची स्कूटर, एवढेच दोन पर्याय राहतात. केंद्राचे २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण म्हणते की रस्त्याचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी करा. आपल्याच विभागात हुबळी-धारवाडला बसगाड्यांसाठी बावीस किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग झाला, त्यातल्या चुका आणि फायदे दोन्ही समोर आहेत. तेवढा मोठा खर्च बेळगावला आज नको. खानापूर रोडवर सकाळ-संध्याकाळ बसला मोकळी वाट आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या दिल्यात तरी पुष्कळ आहे.

आता मी जे मागते आहे ते नवे किंवा हवेतले आहे असे कुणी म्हणू नये म्हणून दोन-तीन दाखले देते.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उपनगरात आर्लिंग्टन नावाचा परगणा आहे. १९७० च्या दशकात तिथे मेट्रो आली. सोपा मार्ग महामार्गाच्या मधून होता. परगण्याने आग्रह धरला की ती जुन्या, मरगळलेल्या बाजाररस्त्याखालून न्या. मग पाच स्थानकांभोवती चालत जाण्याच्या अंतरात उंच इमारती, दुकाने, कचेऱ्या यांना परवानगी दिली आणि स्थानकापासून दूर जाऊ तशी उंची उतरत आणली, इतकी की चार गल्ल्या पलीकडे जुनी बैठी घरे तशीच राहिली. त्याच वॉशिंग्टनच्या दुसऱ्या अंगाला, मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी परगण्याने १९८० मध्ये ९३,००० एकर शेतजमीन राखीव केली. त्याच राज्याने पुढे १९९७ मध्ये ‘स्मार्ट ग्रोथ’चे कायदे केले. रस्ते, पाणी, गटार यांचा राज्याचा पैसा आधी वस्ती असलेल्या आणि वाढीसाठी ठरवून दिलेल्या भागांतच घालायचा, माळरानावर नव्या वसाहती पसरवायला द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र.

आपल्याकडेही हे धोरण कागदावर आहे. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१७ मध्ये वाहतूक-केंद्रित विकासाचे राष्ट्रीय धोरण काढले. स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटे चालण्याचा टप्पा, हा दाट आणि मिश्र वस्तीसाठी धरावा, तिथे पदपथ आणि सायकलवाटा आधी कराव्यात, आणि परवडणाऱ्या घरांना जागा ठेवावी असे त्यात म्हटले आहे. ज्या शहरात मेट्रो नाही तिथे हे लागू नाही असा समज करून घेऊ नये. बेळगावला मेट्रो नको आहे. बेळगावकडे रूळ आहेत.

आता खरी अडचण. गावातले शेतकरीच मला विचारतील, आणि विचारतातही: शेती परवडत नाही, मुलीचे लग्न, मुलाची फी, दवाखाना या सगळ्याला जमीन विकूनच पैसा उभा राहतो, मग शिवारात बांधकामाला बंदी घालून आम्हाला गरिबीत ठेवणार का? हा प्रश्न रास्त आहे. शहराला पाणी जिरवायला, भात पिकवायला, श्वास घ्यायला मोकळे शिवार हवे असेल तर त्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकता येणार नाही. नुसता नकाशावर हिरवा रंग भरला तर तो मागच्या दाराने पुसला जातो, हे आपण बघतोच.

मॉन्टगोमेरीत यावर उत्तर काढले होते. शेतजमिनीच्या पट्ट्यात पंचवीस एकरांमागे एकच घर बांधायला परवानगी ठेवली, पण शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क दिला. तो हक्क त्याने बांधकामासाठी नेमून दिलेल्या भागातल्या बिल्डरला विकायचा. बिल्डरला तिथे जास्त घरे बांधता येतात, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, आणि जमीन त्याच्याच नावावर राहून शेतीच राहते. ही कल्पना कर्नाटकाला परकी नाही. नगर व ग्रामीण नियोजन कायद्याच्या कलम १४-ब मध्ये रस्त्यासारख्या सार्वजनिक कामाला जमीन देणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय आहेच. जमीन गमावणाऱ्याला जे मिळते ते जमीन राखणाऱ्यालाही मिळू दे, एवढीच दुरुस्ती मी मागते. वडगाव-येळ्ळूरच्या शेतकऱ्याने हक्क विकावा, तो मच्छे, उद्यमबाग, देसूर, सुळेभावी येथल्या स्थानकांजवळ वापरला जावा. यासाठी कायद्यात बदल लागेल, तो बेळगावात होणार नाही हे मला कळते. पण दरवर्षी हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरते, शिवारापासून हाकेच्या अंतरावर. तिथे हा विषय मांडायला आमच्या आमदारांना कोण अडवते?

एक भीतीही बोलून दाखवते. स्थानकाजवळ जास्त मजले चढवायला परवानगी दिली की भाव चढतात, मग तिथे राहणारे मूळचे गावकरी आणि भाड्याने राहणारे कामगार बाहेर फेकले जातात आणि रेल्वे-बसची गरज नसलेले श्रीमंत आत येतात. असे झाले तर सगळा खटाटोप उलटा पडेल. म्हणून वाढीव मजले फुकट द्यायचे नाहीत. त्याच्या बदल्यात लहान घरांचा ठरावीक वाटा, भाड्याच्या खोल्या, आणि गावठाणातल्या घरांना धक्का नाही याची लेखी हमी घ्यायची.

रिंगरोडबाबत माझे म्हणणे असे. बेळगावभोवतीच्या तीसहून जास्त गावांच्या जमिनी त्यात जातात आणि लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आहे. गोव्याच्या आणि पुणे-बंगळूर महामार्गाच्या अवजड गाड्या शहराबाहेरून गेल्या पाहिजेत हे कारण दिले जाते. पण त्यासाठी सुपीक जमीनच का, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना प्लॉटिंग होणार नाही याची हमी कोण देणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आजवर मिळालेली नाहीत. हमी नसेल तर हा लॉऱ्यांचा रस्ता राहणार नाही, लेआउटांची माळ होईल. आणि घाईत केलेल्या कामाचे काय होते तेही आपण पाहिले: शहापुरात रुंद केलेल्या रस्त्याची जमीन प्रकरण न्यायालयात गेल्यावर २०२४ मध्ये मूळ मालकाला परत द्यावी लागली, तयार रस्ता उखडून.

शेवटची तक्रार कागदांच्या भाषेची. ज्या गावांच्या जमिनींवर आराखड्याचे रंग चढतात, तिथे बहुसंख्य माणसे मराठी वाचतात. नोटीस कन्नडमध्ये, नकाशा कन्नडमध्ये, हरकतींची मुदत साठ दिवस. पन्नास दिवस तर कागद काय म्हणतो ते समजून घेण्यात जातात. हा भाषिक राजकारणाचा मुद्दा करून बाजूला सारू नका. कन्नड असू द्या, मुलीने शाळेत शिकले आहे आणि मलाही कामापुरते येते. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांहून जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासून केंद्राने मान्य केलेले तत्त्व आहे. सत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या शेताचे काय होणार हे त्याच्या भाषेत कळू नये, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून माझ्या, आणि माझ्यासारख्या अनेकांच्या, मागण्या सरळ शब्दांत:

लोंढा किंवा खानापूर ते घटप्रभा या मार्गावर सकाळी कामावर जाण्याच्या आणि संध्याकाळी परतण्याच्या वेळेला मेमू (जवळच्या अंतराच्या, विजेवर चालणाऱ्या) गाड्या सुरू करा. त्या देसूर आणि सुळेभावीला थांबल्या पाहिजेत. उद्यमबाग आणि मच्छे येथे थांबे करा. मोठे स्थानक नको. फलाट, निवारा, दिवे, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रस्त्यापर्यंत सुरक्षित वाट पुरे. हा निर्णय नैऋत्य रेल्वेचा आहे हे माहीत आहे. त्यासाठी प्रस्ताव तयार करणे, पाठपुरावा करणे आणि पोचरस्त्याची जागा देणे हे तुमचे काम आहे.

थांब्यांच्या आठशे मीटरच्या आत आधी पदपथ आणि गटारे करा, मग वाढीव एफएआर (प्लॉटच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी) द्या. वर सांगितलेल्या अटींसह.

शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा, धामणे, येळ्ळूरचे भातशिवार आणि बळ्ळारी नाल्याचा पूरपट्टा नव्या आराखड्यात शेती म्हणून राखून ठेवा, आणि तो राखणाऱ्या शेतकऱ्यांना विकास हक्क मिळेपर्यंत त्या पट्ट्यातल्या बिगरशेती परवानग्या थांबवा. आधीच उभ्या राहिलेल्या वसाहतींतल्या लोकांना मात्र पाणी, गटार आणि बस द्या. त्यांची फसवणूक झाली आहे, त्यांना शिक्षा नको.

हिंडलगा, गणेशपूर, बेनकनहळ्ळी, पिरनवाडी, मच्छे अशी शहरात न शिरता गावे जोडणारी बस सुरू करा. तिची वेळ उद्यमबागेच्या पाळ्यांशी आणि रेल्वेच्या वेळेशी जुळवा.

रिंगरोडच्या प्रत्येक टप्प्यासाठी कमी कसाच्या जमिनीतला पर्याय अभ्यासून तो जाहीर करा. तोवर भूसंपादन पुढे नेऊ नका.

आराखड्याचा मसुदा, नकाशा आणि सर्व सूचना कन्नडबरोबर मराठीतही काढा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. साठ दिवसांची मुदत त्या दिवसापासून मोजा.

आणि सर्वांत आधी एक बैठक घ्या. नगरविकास प्राधिकरण, महापालिका, परिवहन महामंडळ, रेल्वे, कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि ग्रामपंचायती, सगळे एका टेबलावर. ती महापालिकेच्या सभागृहात नको. मच्छे किंवा येळ्ळूरला, संध्याकाळी सहानंतर घ्या, म्हणजे पाळी सुटलेल्यांना आणि शेतावरून परतलेल्यांना येता येईल. तारीख आठ दिवस आधी जाहीर करा.

आपली,
देसूर, ता. बेळगाव येथील एक रहिवासी